ॲडिरॉन्डॅकच्या जंगलात धनुष्याने शिकार: हरणाचा माग काढायचा कसा?

प्रश्न थोडक्यात असा: राहणं न्यू जर्सीत, घराजवळच्या छोट्या रानांमध्ये कंपाउंड धनुष्याने दोन-तीन हंगाम शिकार झालेली, आणि यंदा न्यू यॉर्क राज्यातल्या ॲडिरॉन्डॅक पार्कमध्ये जायचंय. नकाशा उघडला की नुसतं हिरवं दिसतं. सुरुवात कुठून करायची?

सुरुवात हरीण शोधण्यापासून करू नका. जिथे हरीण नाही ती जागा आधी बाद करत चला. न्यू जर्सीत प्रश्न असतो, इतक्या हरणांपैकी हवं ते कुठल्या वाटेने येईल? ॲडिरॉन्डॅकमध्ये प्रश्न असा की या डोंगरावर हरीण आहे तरी का? पार्कचं क्षेत्र सुमारे ६० लाख एकर. त्यातली साधारण २६ लाख एकर सरकारी जमीन, बाकी खासगी. सरकारी जमिनीवर १८९४च्या राज्यघटनेतल्या तरतुदीमुळे लाकूडतोड बंद आहे. म्हणजे जंगल म्हातारं, वर झाडांच्या शेंड्यांचं छत, खाली सावली, आणि हरणाच्या तोंडाच्या उंचीला खायला फारसं काही नाही. कित्येक भागांत चौरस मैलाला दहाही हरणं नसतात, आणि जी असतात ती सारखी विखुरलेली नसतात. चार-पाच मोक्याच्या ठिकाणी गोळा झालेली असतात आणि मधले मैलोनमैल रिकामे. ते मोक्याचे तुकडे शोधणं हेच खरं काम.

पहिलं काम घरी बसून. सायमीझ पाँड्स, वेस्ट कॅनडा लेक, फाइव्ह पाँड्स यांसारखे वाइल्डरनेस विभाग (सरकारी रानाचा सर्वांत कडक राखलेला वर्ग) प्रत्येकी लाख एकराच्या वरचे आहेत. अख्खा विभाग डोक्यात घेऊ नका. दोन मैल लांब, दोन मैल रुंद असा एक चौकोन घ्या आणि तोच नीट वाचा. हवाई छायाचित्रं झाडांना पालवी नसतानाची पाहिजेत. न्यू यॉर्क राज्याची सरकारी छायाचित्रं वसंताच्या सुरुवातीची असतात, ती या कामाला उत्तम. त्यांत सूचिपर्णी झाडं गडद हिरवी दिसतात आणि पानगळीचं रान राखाडी. या दोन रंगांची शिवण जिथे जिथे दिसते तिथे खूण करा. हरणाला आडोसा एकीकडे आणि चारा दुसरीकडे मिळतो तो याच शिवणीवर.

मग छताला पडलेली भोकं शोधा. बीव्हरने (ओढ्यावर बांध घालणारा कुरतडणारा प्राणी) अडवलेलं पाणी आणि जुना बांध फुटून तयार झालेलं गवताळ कुरण ही सगळ्यात भरवशाची जागा. वादळाने झोपलेलं रान ही दुसरी. १५ जुलै १९९५च्या वादळाने फाइव्ह पाँड्स भागात प्रचंड पट्टा आडवा केला होता. एवढ्या वर्षांनी तिथलं नवं रान उंच झालंय, त्यामुळे चाऱ्यापेक्षा निवारा म्हणूनच ते जास्त उपयोगी. ताजी, लहान पडझड जास्त मोलाची. तिसरी जागा बहुतेक जण विसरतात: अलीकडे सरकारकडे आलेली जमीन. पूर्वी फिंच प्रुइन या कागद कंपनीच्या मालकीची असलेली सुमारे ६९ हजार एकर जमीन राज्याने २०१६पर्यंत टप्प्याटप्प्याने विकत घेतली. एसेक्स चेन लेक्स आणि बोरियास पाँड्स त्यातलेच. तिथे आधी लाकूडतोड होत असे, त्यामुळे शंभर वर्षं न तोडलेल्या रानापेक्षा ते तरुण आहे आणि खाली झुडूप आहे. ज्या सरकारी जमिनीची हद्द अजून तोड चालू असलेल्या खासगी जमिनीला लागून आहे, तिथेही हेच. हद्द मात्र ओलांडू नका. हद्दीपासून तीर पोचण्याच्या अंतरातही बसू नका, कारण जखमी हरीण पलीकडे गेलं की परवानगीशिवाय मागे जाता येत नाही.

चारा कळला की जमिनीचा आकार बघा. सह्याद्रीत डोंगर भटकलेल्यांना हे शिकवावं लागत नाही. दोन माथ्यांमधली खिंड, उतारावरचा सपाट पदर, मुख्य धारेवरून खाली आलेली सोंड, कडा आणि पाणी यांच्यामधली अरुंद पट्टी. हरीण उगाच चढ चढत नाही, दलदलीत उगाच शिरत नाही. बीव्हरच्या तळ्याच्या एका टोकाला खडा चढ असेल तर मधल्या ३०-४० यार्डांतूनच त्याला जावं लागतं. बीव्हरचा बांधही पुलासारखा वापरला जातो, त्याच्या दोन्ही टोकांना चिखलात खूर उमटलेले असतात. रायफलवाल्याला कुरणाच्या काठावर बसून १५० यार्डांवरचं हरीण चालतं, तुम्हाला ते २० यार्डांवर हवं. म्हणून चारा आणि चिंचोळी वाट हे दोन्ही जिथे जुळतं तिथेच पेन टेका. एका चौकोनात अशा बारा-पंधरा खुणा होतात. पायी फिरल्यावर तीन-चारच उरतात, आणि तेवढ्या उरल्या तर तो चौकोन चांगला समजा.

लायडार नकाशा (विमानातून लेझरने मोजलेला जमिनीचा उंचसखलपणा) हाताशी असेल तर त्यात जुने लाकूड ओढायचे रस्ते स्पष्ट दिसतात, जमिनीवर उभं राहून ते कळतही नाहीत. हरणं ते आवर्जून वापरतात. जुन्या वस्तीच्या जोत्यांजवळ सफरचंदाची रानटी झालेली झाडं सापडतात. अशा एका झाडाला सप्टेंबरअखेर फळ असेल तर आसपासच्या मैलभरातली हरणं तिथे हजेरी लावतात.

आता चालायची वेळ. सर्वांत चांगला काळ बर्फ वितळल्यापासून पालवी फुटेपर्यंत, म्हणजे साधारण एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. गेल्या शरद ऋतूतल्या शिंग घासल्याच्या खुणा, उकरलेली जमीन, पानांत दबलेल्या वाटा सगळं उघडं असतं, आणि तुम्ही हरीण उठवलंत तरी हंगामाला पाच महिने बाकी असतात. मेच्या मध्यानंतर काळ्या माश्या सुरू होतात, मग लक्ष राहत नाही. गोचिड्या मात्र त्याआधीपासूनच असतात, परमेथ्रिन हे कीटकनाशक मारलेले कपडे घाला.

वसंतात एक फसगत नेहमी होते. सखल भागात, हेमलॉक, स्प्रूस किंवा सीडर या सूचिपर्णी झाडांच्या दाट रानात पायवाटा इतक्या ठळक दिसतात की माणूस हरखून जातो. लेंड्यांचे ढीग, सोललेली साल, कुरतडलेल्या फांद्या. हे सगळं हिवाळ्यातलं. बर्फ दीड फुटाच्या आसपास चढला की हरणं मैलोनमैल चालून अशा आडोशाला जमतात आणि वसंतात परत पांगतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ती जागा ओस असते. ओळखायचं कसं? चावलेल्या फांद्या बऱ्याच उंचीवर असतात (बर्फावर उभं राहून खाल्लेल्या), लेंड्या सुक्या, वेगळ्या दाण्यांच्या असतात, आणि शिंग घासल्याच्या खुणा वाटांच्या मानाने फारच थोड्या असतात.

चावलेली फांदी हा माझ्या मते या जंगलातला सगळ्यात प्रामाणिक पुरावा आहे. एक झुडूप ओळखायला शिका: हॉबलबुश. माणसाच्या कमरेएवढं, तळहातापेक्षा मोठी हृदयाकार पानं समोरासमोर जोडीने, वाकलेल्या फांद्या जिथे जमिनीला टेकतात तिथे मूळ धरतात, पानं सप्टेंबरात जांभळट तांबडी होतात. ॲडिरॉन्डॅकच्या हरणाचं हे आवडतं खाणं. आता तुटलेलं टोक जवळून बघा. हरणाच्या वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, त्यामुळे ते फांदी कापत नाही, खालच्या दातांनी धरून ओढतं. टोक फाटलेलं, धागे सुटलेलं दिसतं. सशाने खाल्लेलं टोक तिरपं आणि चाकूने छाटल्यासारखं स्वच्छ असतं. फाटलेलं टोक आतून अजून पांढरट-हिरवं आणि ओलसर असेल तर खाणं ताजं, करडं पडलं असेल तर जुनं. एका ठिकाणी उभं राहून वीस फांद्या तपासा. वीसपैकी पंधरा चावलेल्या, त्याही वेगवेगळ्या वयाच्या, तर तिथे हरणाची रोजची ये-जा आहे. एकही नाही तर वाट कितीही सुंदर दिसो, पुढे चला.

उलट एक हिरवा फसवा देखावा: बीच या पानगळी झाडाच्या रोपांची दाटी. बीचच्या सालीच्या रोगाने मोठी झाडं मरतात आणि मुळांतून शेकडो फुटवे येतात. लांबून भरगच्च चारा वाटतो, पण हरीण बीचचा पाला नाइलाजानेच खातं. तिथे आडोसा मिळेल, पोट भरणार नाही.

बीचचं फळ मात्र पूर्ण वेगळी गोष्ट, आणि धनुष्याच्या हंगामाचं अर्धं गणित त्यावरच आहे. राज्याच्या उत्तर शिकार-विभागात (ॲडिरॉन्डॅक त्यातच) धनुष्याचा हंगाम सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सुरू होतो आणि ऑक्टोबरअखेर बंदुकीच्या हंगामाला मिळतो. नेमक्या तारखा आणि तुमच्या विभागात मादी मारता येते का, हे त्या वर्षीच्या नियमपुस्तिकेत बघा. माजाचा जोर साधारण नोव्हेंबरच्या मध्याला. म्हणजे तुमच्या हातातले बहुतेक दिवस माजाआधीचे, तेव्हा नर मादीमागे नाही तर पोटामागे फिरतो. ओकची झाडं पार्कच्या मुख्यतः पूर्व आणि दक्षिण बाजूच्या कमी उंचीवर. आतल्या भागात पिष्टमय, तेलकट फळ म्हणजे बीचचंच. ते दरवर्षी येत नाही. एखाद्या वर्षी लयलूट, पुढच्या वर्षी बहुधा शून्य. ऑगस्टअखेर दुर्बीण घेऊन धारेवरच्या मोठ्या बीच झाडांचे शेंडे बघा. काटेरी, चार फाकींची छोटी बोंडं फांदीच्या टोकाला दिसायला हवीत. दिसली तर त्या वर्षी वर चढा. नाहीतर खाली बीव्हरची कुरणं, पडझडीतली झुडपं, सफरचंद, काळी चेरी. एका वर्षीची यशस्वी जागा पुढच्या वर्षी रिकामी निघते त्याचं कारण बहुतेक वेळा हेच. बीचखाली पाला उकरलेला असेल तर कोणी उकरला ते बघा. टर्की लांबच लांब पट्टे खरवडते, हरीण नाकाने आणि खुराने लहान लहान ठिकाणी पाला उलथतं. अस्वल झाडावर चढतं आणि सालीवर नखांचे ओरखडे ठेवून जातं.

मूसचा (हरणाच्याच कुळातला, पण खूप मोठा प्राणी) गोंधळ होऊ देऊ नका. पार्कमध्ये मूस आहेत आणि न्यू यॉर्कमध्ये त्यांची शिकार बंद आहे. खूर पाच इंचांच्या वर, लेंड्या मोठ्या, फांद्या सहा-सात फुटांवर मोडलेल्या, तर ते मूस. हरणाचा खूर साधारण अडीच ते साडेतीन इंच.

शिंग घासल्याच्या खुणांवर मी कमी विसंबतो. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत नर पट्टेदार मेपल, ऑल्डर, कोवळं स्प्रूस घासत जातो. एकट्या झाडावरची खूण म्हणजे तो एकदा इथून गेला, बस. एका ओळीत, सारख्याच बाजूला घासलेली चार-पाच झाडं असतील तर ती वाट आहे आणि घासलेली बाजू तो कुठून आला ते सांगते. त्याहून मोलाची खूण: मनगटाएवढ्या झाडावर जुनी भरलेली जखम आणि तिच्यावर नवी. म्हणजे वर्षानुवर्षं तीच वाट. जमिनीवरची उकरण ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात वाढते. तिच्यावर छातीच्या उंचीला लोंबणारी, चघळलेली फांदी असेल तरच ती लक्षात ठेवा. अशा जागांवर नर बहुतेक वेळा रात्री येतो, म्हणून तिथे बसण्यापेक्षा तिथून झोपायच्या दाट रानाकडे जाणाऱ्या वाटेवर, शंभरेक यार्ड आत बसा.

आता वारा. डोंगराळ रानात हवामान अंदाजातला वारा फक्त धारेवर खरा. खाली उतारावर आणि घळीत हवा तापमानाने चालते: ऊन उतारावर पडलं की वर चढते, संध्याकाळी सावली आली की पाण्यासारखी घळीतून खाली वाहते. बीव्हरच्या कुरणाच्या काठी संध्याकाळी बसलात आणि मागे डोंगर असेल, तर सूर्य कललेल्या क्षणापासून तुमचा वास सरळ कुरणात उतरतो. कुरणावर काही येत नाही अशी तक्रार ऐकली की निम्म्या वेळा कारण हेच असतं. हरीण येतं, काठावरच्या झुडपात उभं राहतं, वास घेतं, आणि परत जातं. तुम्हाला कळतही नाही.

हे तपासायला पावडरची बाटली पुरत नाही, ती दोन यार्डांत दिसेनाशी होते. मिल्कवीडच्या शेंगेतले रेशमी तंतू घ्या, म्हणजे आपल्या रुईच्या म्हाताऱ्याच. एक सोडा आणि दुर्बिणीने शेवटपर्यंत बघा. ५०-६० यार्डांवर तो वळतो, वर उचलला जातो, घळीत ओढला जातो. प्रत्येक निवडलेल्या झाडापाशी हा प्रयोग सकाळी आठला, दुपारी, आणि मावळतीच्या तासाभरात करा आणि निकाल नकाशावर बाणांनी लिहा. हा एक तास बाकीच्या दिवसभराच्या पायपिटीपेक्षा जास्त देतो. पदरावर सकाळी बसायचं तर हरणाच्या वाटेच्या वरच्या बाजूला, संध्याकाळी खालच्या बाजूला. यामुळे एकाच वाटेला दोन झाडं लागतात, आणि ती दोन्ही आधीच ठरलेली हवीत.

झाड निवडताना पार्कचा नियम डोक्यात ठेवा. सरकारी रानात जिवंत असो वा उभं वाळलेलं, झाड तोडता येत नाही आणि झाडाला इजा करता येत नाही. म्हणजे तिरासाठी वाट साफ करणं नाही, झाडात घुसणारे स्क्रू-पायठे नाहीत. पट्ट्याने बांधायची शिडी, हलकं मचाण किंवा सॅडल (झाडाला बांधून लटकत बसायचा पट्टा). मचाण ठेवून येणार असाल तर त्यावर नाव-पत्ता किंवा लायसन्स क्रमांक लागतो, ते हंगामातच लावता येतं आणि एका जागी वर्षात ३० दिवसांहून जास्त ठेवता येत नाही. तेव्हा नैसर्गिक मोकळीक असलेलंच झाड शोधायचं. वाटेपासून १५ ते २० यार्ड, पाठीशी हेमलॉकसारखं सावली देणारं काहीतरी, आणि वाटेवर तिराच्या जागेच्या अलीकडे एक जाड बुंधा, ज्याच्या मागून हरणाचं डोकं जाईल तेवढ्यात धनुष्य ताणता येईल. एप्रिलमध्ये निवडलेलं झाड ऑगस्टमध्ये पुन्हा बघा. पालवीने तिराची वाट पूर्ण बंद झालेली असते, हे हंगामाच्या पहिल्या पहाटे कळून उपयोग नाही.

जायची वाट ही निवडीचाच भाग. ज्या झाडापर्यंत पोचताना बीचचा चारा किंवा झोपायची जागा तुडवावी लागते ते झाड सोडून द्या. ओढ्याच्या पाण्यातून चालत जाणं, नाहीतर कनूने (वल्ह्याची हलकी होडी) तळं ओलांडून उलट्या बाजूने येणं उत्तम. बहुतेक शिकारी रस्त्याच्या किंवा खुणेच्या पायवाटेच्या मैलभराच्या आतच राहतात, पाणी ओलांडलं की गर्दी एकदम संपते. वाइल्डरनेस वर्गातल्या जमिनीवर मोटारच नव्हे, सायकलही चालत नाही. वाइल्ड फॉरेस्ट वर्गात नियम थोडे सैल.

ट्रेल कॅमेऱ्यांवर (झाडाला बांधायचे, प्राणी हलला की आपोआप फोटो काढणारे) फार खर्च करू नका. आतल्या भागात मोबाइलला रेंज नसते, म्हणजे कार्ड काढायला जावं लागतं, आणि प्रत्येक फेरी वास सोडते. खिंडीत किंवा बांधाच्या टोकाला दोन पुरे. ऑगस्टला लावा, हंगामाआधी एकदाच बघा.

किती आत जायचं, याचं उत्तर मांस किती वेळात बाहेर येईल यावर ठरवा. सप्टेंबरअखेर दुपारी पारा २० अंश सेल्सिअसच्या वर जातो. मोठ्या नराचं आतडी काढल्यावरचं वजन ७० किलोच्या आसपास भरू शकतं. ते एकट्याने तुकडे करून पाठीवर आणायचं तर दोन-तीन खेपा. त्यात जखमी हरणामागे थांबायचा वेळ धरा: फुप्फुसाला लागलं तर अर्धा तास, यकृताला चार ते सहा, पोटाला आठ ते बारा. संध्याकाळचा पोटातला तीर म्हणजे रात्रभर थांबणं, आणि अस्वल व कोयोट तेवढं थांबत नाहीत. पायवाट नसलेल्या रानात दीड मैल ही एकट्या माणसाची मर्यादा समजा, थंडी पडल्यावर ती वाढवा. मुक्काम करणार असाल तर तंबू रस्ता, पायवाट आणि पाणी यांपासून १५० फूट दूर, किंवा खुणेच्या ठरवून दिलेल्या जागी.

हंगाम सुरू झाल्यावरही पाहणी थांबत नाही. एका झाडावर दोन बैठका, वारा योग्य असताना, आणि ताजी खूण नाही तर दुसऱ्या खुणेकडे. मधल्या दुपारी वाऱ्याच्या तोंडावर सावकाश चालत नव्या चावलेल्या फांद्या बघत राहा, धनुष्य हातातच ठेवून.

सगळं संपल्यावर, डिसेंबरच्या पहिल्या ताज्या बर्फात एक दिवस द्या. एखादा मोठा माग उचला आणि उलट्या दिशेने चालत जा, म्हणजे हरीण उठणार नाही. ते कुठे झोपलं होतं, कुठली खिंड ओलांडली, ओढा कुठे पार केला, सगळं एका रेषेत मिळतं. ती रेषा नकाशावर चढवताना बर्फाची खोली शेजारी लिहा. सहा इंचांतली वाट पुढच्या ऑक्टोबरला उपयोगी पडेल, दीड फुटांतली वाट हिवाळी आडोशाकडे जाणारी असेल. ती वेगळ्या रंगाने टाका.